शेवटचा ल

लिंदाउराच्या तोंडात
'एस्तेरिल'मधला शेवटचा ल विरघळतो,
त्याचा उ होतो,
ओठ गोल करून फुंकर घातल्यासारखा.
मिनासच्या डोंगरांत सगळे असंच बोलतात.

मला मराठीत हेच सांगायचं तर
निर्जंतुक चिमटा वेगळा, नापीक जमीन वेगळी,
आणि वांझ, तो तर शब्दच नव्हे,
बाईच्या अंगावर भिरकावलेला धोंडा.
तिच्याकडे सगळ्यांना मिळून हा एवढाच.

पहाटे साडेपाचला तो तिला
हॉस्पिटलच्या तळघरात भेटतो:
कात्र्या, चिमटे, गुंडाळलेली फडकी,
एकशे चौतीस अंशांची वाफ.
पुडक्यावरच्या पट्टीच्या रेघा
काळ्या झाल्या तरच पुडकं वर जायचं.
एकदा त्या करड्याच राहिल्या,
तेव्हा तिनं अख्खी खेप परत आत ढकलली
आणि वर सर्जन घड्याळ बघत उभा राहिला
चाळीस मिनिटं.
जिवंत काही म्हणता काही उरता कामा नये.
इथे ही स्तुती आहे.

तिचा नवरा दोरिवाल
(त्याच्याही नावातला ल विरघळतो)
लोखंडाच्या खाणीवर डंपर चालवतो.
डोंगर फोडल्यावर जे विकलं जात नाही
त्याला तिकडे एस्तेरिल म्हणतात.
तो ते दिवसभर दरीत ओततो,
संध्याकाळी कानांतून लाल धूळ काढतो.
"त्यातही लोखंड असतं," त्यानं मला सांगितलं,
"पण कमी. भाव चढला की
कंपनी तोच ढिगारा उकरते
आणि मग त्याला खनिज म्हणते."
मी विचारलं, हे ठरवतं कोण?
त्यानं बोट वर केलं. आधी वाटलं, देव.
टेकाडावर कार्यालय होतं.

सासू, दोना एउलालिया,
हा शब्द स्वयंपाकघरात वापरायची,
लिंदाउरा बाहेर कपडे वाळत घालत असताना,
खिडकी उघडी ठेवून.
तपासणी लिंदाउराची झाली, दोनदा.
दोरिवालची कधीच नाही.
त्या खिडकीतून हे मात्र
कधी कुणाला ऐकू आलं नाही.

मग गेल्या ऑगस्टात म्हातारीचा खुबा मोडला.
स्ट्रेचरवरून तिनं सुनेचं मनगट धरलं,
नखं रुतेपर्यंत:
"सगळं एस्तेरिल आहे ना गं?
नक्की एस्तेरिल?"
तोच शब्द, तोच विरघळलेला ल,
पण आता जपमाळेच्या मण्यासारखा
दोन बोटांत घट्ट.
लिंदाउरा म्हणाली, "हो. मी स्वतः केलंय."
तेवढंच.
मी असते तर आणखी काही बोलले असते,
आणि ते वाईट झालं असतं.

आमच्याकडे म्हणतात,
अमकीच्या संसारावर विरजण पडलं.
तिला हे समजावताना मी अडखळले,
कारण तिच्या फडताळात खरोखरचं विरजण असतं:
कालच्या चीजमधून रात्रभर ठिबकलेलं पाणी.
पींगू म्हणतात त्याला.
तिच्याकडे ते आईच्या गोठ्यातून आलं,
आईकडे कुण्या मावशीच्या,
मावशीकडे कुठून, कुणालाच आठवत नाही.
आजच्या दुधात कालचं, उद्याच्या दुधात आजचं.
गल्लीतल्या चार घरांत
तिचंच गेलंय.

संध्याकाळी ती कोपरापर्यंत हात धुते,
सवयीनं, नखांखाली ब्रश घालून,
आणि थांबते
साबणाचा वास जाईपर्यंत.
दूध कोमट आहे.
हातमोजे नाहीत.
ती बोटं आत बुडवते
आणि न दिसणाऱ्यांना म्हणते,
या.