विहीण उजद्याची

लेकीची सासू आली ती
अडीच किलो चण्याचं पीठ घेऊन.
"ठाण्यात बेसन मिळत नाही वाटतं,"
शाऊल पुटपुटले. मी डोळे वटारले.

नाव फ्रेहा. जन्म उजद्याचा,
मोरोक्कोच्या पार कडेला,
जिथून अल्जेरिया टांग्याने तासाभरावर.
तिला मराठी नाही, मला तिची अरबी नाही,
आणि माझी हिब्रू
प्रार्थनेच्या बाहेर पाऊल टाकत नाही.
मधे फोन, फोनमध्ये लेक.

दुसऱ्या सकाळी ओटा तिच्या ताब्यात.
पीठ, पाणी, अंडं, तेल.
करान, म्हणाली. पिठलं नाही, ढोकळा नाही,
वरून खरपूस, आत थरथरतं.
जिरं भुरभुरून पावात भरलं.
"वडापावाची मावशी,"
शाऊल म्हणाले, आणि तीन खाल्ले.

मग मिठाने तिने ओट्यावर गाव काढलं.
इकडे फेसचा सुलतान, तिकडे त्लेमसेनचा,
एकाने बांधायचं, दुसऱ्याने पाडायचं.
बोट फिरून फिरून मीठ विसकटलं.
भांबावलेलं गाव म्हणतात त्याला, लेक म्हणाली.
एका वेशीवर मुंडकी टांगत;
हिच्या लहानपणी तिथे पुदिना मिळे.

मीही नेलं तिला किल्ल्यापाशी.
पोर्तुगीजांनी काढला, मराठ्यांनी घेतला,
इंग्रजांनी कैदी भरले, अजून भरतात.
बाहेर बायका पिशव्या घेऊन उभ्या.
एकीचा चपलेचा अंगठा तुटला होता,
तो जुळेपर्यंत फ्रेहाने
तिची पिशवी धरली.

घरी मलिदा केला, एलियाहू हन्नाबीचा.
पोहे, खोबरं, फळं बघून ती गप्प झाली.
तिच्याकडे झऱ्याकाठी सिदी याह्या:
यहुदी म्हणत आमचा, मुसलमान म्हणत आमचा,
आणि झाडाला चिंधी बांधणारीला
कोणी काही विचारत नसे.
मला हाजीमलंग आठवला. सांगायचं राहिलं.

नाक्याचं नाव दोन खेचरं.
ती सतरा वर्षांची असताना तो बंद झाला,
मावशी पलीकडे राहिली.
लोक ओढ्याच्या दोन काठांना उभे राहून
हात हलवत.
एकदा मावशीने नवं बाळ उंच धरलं,
मुलगा की मुलगी, ओरडून सांगितलं.
वारा उलटा होता.
पुढच्या महिन्यात ह्यांनी गाव सोडलं.
लेकीने हे तुकड्यातुकड्यांनी सांगितलं,
मधे एक शब्द तिला सापडेना: अल-हदूद.
"अगं, हद्द," मी म्हटलं,
"तेवढा आमचाच आहे."

जायच्या आदल्या संध्याकाळी चेंदणीच्या बंदरावर गेलो.
ओहोटी, चिखल, पलीकडे कळव्याचा काठ.
तिकडे कोणी जाळं झटकत होतं.
फ्रेहाने हात वर केला.
माणसाने डोळ्यांवर आडवा तळवा धरला,
जरा वेळाने हलवला.
तिने मला काहीतरी विचारलं.
फोन घरी राहिला होता.
मी पुलाकडे बोट केलं
आणि रिक्षा थांबवली.

कळव्यात दोन कटिंग प्यालो, परत आलो.
उतरायला गेले तर तिने माझं कोपर धरलं,
रिक्षावाल्याला खूण केली: पुन्हा.
मग पुन्हा.
चौथ्या खेपेला तो मागे वळून म्हणाला,
"मावशी, हद्द झाली!"

तिने शब्द ओळखला,
आणि बाहेर वाकून, वाऱ्यात डोळे बारीक करून,
कुठे आहे ते
शोधू लागली.