एकोणपन्नास

शनिवारची सौना आटोपली. ऑस्मो आणि त्याची बायको
ओल्या केसांनी घरी गेली.
दगड अजून तापलेले आहेत.
आता तुझ्या पुंगळ्यांची पाळी.

लाल पट्टा मारलेलं तेच पातेलं काढलं.
"स्वयंपाकाला चुकूनही नाही, इर्या, शिसं उतरतं त्यात,"
तीस वर्षं दर खेपेला सांगायचास,
जशी मी पहिल्यांदाच ऐकतेय.
कोमट पाणी, चमचाभर लिंबूसत्त्व,
भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब.
फार वेळ ठेवलं तर पितळ गुलाबी पडतं.
(हेही तूच. हेही दर खेपेला.)

त्याआधी टिकल्या ठोकून काढल्या होत्या,
जळक्या, बसक्या,
प्रत्येकीच्या मधोमध सुईचा खळगा.
बहुतेक एका ठोक्यात डब्यात पडल्या,
काही अडून बसल्या. तुझ्या वळणाच्या.

मग पिंप.
माझ्या शिलाई मशीनची मोटर, मला न विचारता,
तू ज्याला बसवलीस, तो अजून फिरतो
खडखड, खडखड,
पोटात पोलादी तारांचे बारीक तुकडे घेऊन.
त्या मोटरवर मी काइसाचा पहिला कोट शिवला होता.
दीड तास पायरीवर बसून राहिले.
तळ्यावर बर्फाची साय धरायला लागलीय,
काठाकाठानं. मध्ये अजून नाही.

धूर गेला, काजळी गेली,
तुझ्या बोटांचे डागही गेले, त्याला काय करणार.
पितळ उघडं पडलं
आणि चांगलं निघालं.
फक्त एकीच्या मानेशी केसाएवढी चीर,
नख फिरवलं तर नख अडकलं.
पकडीनं चेपून खिशात टाकली,
चुकून कुणाच्या हाती लागू नये म्हणून.

वरच्या बाकावर तुझी फळी ठेवली,
पन्नास खुंट्यांची.
एकेक पुंगळी झटकली, पालथी घातली.
पाणी लबाड असतं.
बाहेरून खणखणीत कोरडी,
आत भोकापाशी एक थेंब दबा धरून,
आणि समोर एल्क उभा असताना बार फुसका.
सकाळपर्यंत हात लावायचा नाही.

चेपलेली धरून एकोणपन्नास.

ऑस्मोची नात, सैमी, सतरा वर्षांची,
नेमबाजीची परीक्षा पास झाली. रायफल तिला दिली, वहीही.
तिनं बसल्या जागी सगळी वाचली:
तारीख, वारा, अंतर, वजन.
मग एका ओळीवर बोट ठेवलं.
मार्चमधली तारीख, पुढे काहीच नाही,
नुसतं "५० – १".
"हरवली का एक?"
मी म्हटलं, कॉफी गार होतेय.

जंगलात पितळ टाकून येणाऱ्यांना तू शिव्या घालायचास.
शेवाळात गुडघे टेकून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर,
एवढ्याशा पुंगळीसाठी तासभर,
आणि सगळी शिकारी टोळी खोळंबलेली.

त्या मार्चमध्ये तुइस्कूला चालवत नव्हतं.
तू तिला उचलून नेलंस, गोठ्यामागच्या बर्चांत,
तिचं तोंड तुझ्या खांद्यावर, माझ्याकडे.
आवाज एकच आला.
मग फावड्याचा, बराच वेळ.
परत आलास, रायफल पुसलीस, भाकरी कापायला घेतलीस
आणि कापतच राहिलास. अख्खी.

गरम पुंगळी बर्फात आपली आपण खोल गेली असणार.
तू वाकून पाहिलंही नसशील.

मे महिन्यात मी गेले होते.
बर्चाच्या मुळाशी, हिरवट पडत चाललेली,
तोंडात चिखल, त्यावर मुंगी.
उचलली नाही.
तुला सांगितलंही नाही,
आणि आता हे सांगतेय, सौनाच्या बंद दाराला.

सैमी आठला येईल.
खिशातल्या तुकड्याचं टोक मांडीला टोचतंय.
एक खुंटी त्याची, एक तिची.
विचारलंच तर बघू.