तीन टेसनं

धंतोलीत, औषधांच्या दुकानांपुढे,
मी पाकीट उभ्याउभ्याच फोडलं.
बाबा ऑटोत. खाजेचे जुने ओरखडे दंडांवर,
डोळे अजून जरासे पोस्टकार्डाच्या रंगाचे.

एकतीस वर्षं आरएमएसच्या डब्यात
रात्रभर टपाल लावलेला माणूस,
न बघता पत्र फेकायचे आणि ते बरोबर
गोंदियाच्या खणात, डोंगरगडच्या खणात.
असं फाडलेलं पाकीट त्यांना खपत नाही.
"पयले पत्ता वाच."

पत्ता असा:
वासुदेव हेडाऊ, वय अडुसष्ट. पित्तनलिका, खालचा भाग.
कडा मोकळ्या.
आणि खाली नुसता एक अपूर्णांक,
लसिकाग्रंथी: तीन / बारा.

डॉक्टर बोरकुट्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं,
एकही नसली, तर गोष्ट वेगळी.
एक ते तीन, म्हणजे वर्षं मोजताना
हात आखडता घ्यायचा.
चार आणि पुढे…
इथे ते पेनाचं टोपण शोधू लागले होते.

मी वाचून दाखवलं.
ऑटोवाला आरशातून बघायचा थांबला.
"बारा टेसनं तपासली, तीनवर डाक उतरली,"
बाबा म्हणाले. "म्हंजे गाडी सुटली होती."
हो.
"मंग कायले रडतं? नऊ खण रिकामे हायेत ना."

रिकामा खण कधीकधी
नीट न पाहिलेला खण असतो,
हे मी बोलले नाही.
हे त्यांनीच तर शिकवलं होतं मला.

आपल्याकडे भेट झाली की गाठ पडली म्हणतात.
आईची आणि त्यांची कामठीच्या फलाटावर पडली होती,
चार मिनिटं, गाडी लेट म्हणून.
मी हा शब्द आता
जपून वापरते.

रात्री त्यांनी सहा महिन्यांच्या गोळ्या
जुन्या लाकडी पेटीत लावल्या.
सकाळ. संध्याकाळ. मळमळीची वेगळी.
कोपऱ्यातला एक खण मोकळा सोडला.
"हा कोणाचा?"

"पत्ता अपुरा असला
तरी फेकत नव्हतो आपण," म्हणाले,
"त्याच्यासाठी एक खण
रायतेच."