शून्याची नोंद

पाऊण इंची पाइपची चौकट, मीटर बाय मीटर,
राजपथावरच्या दुकानातून कापून आणलेली,
चार एल्बो, त्यातला एक ढिला.
ती खांद्यावर अडकवून कोंडिबा आखाडे पुढं,
मी मागं, वही प्लॅस्टिकच्या पिशवीत.
कासच्या सड्यावर सप्टेंबरचं धुकं
असं, की आपलाच हात परका वाटावा.

पाकिटातून चिठ्ठी काढायची, आकडे नेतील तिथं जायचं:
पूर्वेला चौदा पावलं, उत्तरेला नऊ.
मॅडम म्हणालेल्या, "तुझे डोळे चांगले आहेत गं,
म्हणूनच त्यांना जागा निवडू द्यायची नाही."

चौकट पडली उघड्या जांभ्यावर.
शेवाळाचा एक डाग. खळग्यात पाणी,
त्यात मुंगळा, तोही मेलेला.
आणि हातभर पलीकडं सीतेची आसवं,
निळी, दाट,
बोट ठेवायला जागा नाही.

सकाळपासूनचं हे सातवं शून्य.
प्रबंधातलं वाक्य तर मी जुलैतच लिहून ठेवलेलं:
कुंपणाच्या आत फुलं जास्त.
कोंडिबा पाठमोरा, तंबाखू मळत.
बुटाच्या टोकानं सरकवली चौकट.
आवाजसुद्धा झाला नाही.

एकशे बेचाळीस.
लिहिताना अक्षर फार सुरेख आलं.

चौकट टेकली की कोपऱ्याशी खडा ठेवायची त्याची सवय.
तो खडा आता उघडा पडलेला,
कुठल्याच कोपऱ्याचा नसलेला.
कोंडिबा त्याच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला,
"म्हस आटली तर आमी आटली म्हंतो, ताई.
डेरीच्या वहीत धा लिटर लिवून
चरवी भरत न्हाय."

मी खोडलं. गिचमिड करून नाही,
एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी.
शेजारी तारीख. सही. कारण:
इथं पेन बराच वेळ अडलं.
चौकट मी हलवली होती.

मॅडमनी पान वाचलं, गार झालेला चहा संपवला.
"शून्यांबद्दल मला शंका नाही," म्हणाल्या.
"भरलेल्या चौकटी कुठल्या?"

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या पुन्हा मोजल्या,
खड्याखड्याने.
दोन ठिकाणचे खडे गुरांनी उधळलेले.
कोंडिबा म्हणाला, हितंच असंल कुठंतरी.
मी म्हटलं, असेल.
त्या दोन ओळी वहीत अजून कोऱ्या आहेत,
शून्यसुद्धा नाही.