रूम टोन

पाच गोष्टी, अकरा रात्री, एकच कॅमेरा,
तोही सीताबर्डीवरून भाड्यानं.
ऑक्टोबरचं ऊन मावळल्यावरही
बंद गिरणीच्या पत्र्यात धगधगत राहायचं
आणि सुगंधाच्या चेहऱ्यावरची मेलेली कातडी
हनुवटीकडून सुटत यायची.
ताजू डिंक घेऊन धावायचा,
‘हासू नको ना बाई, गाल निंगून येते.’

रक्त घरीच शिजवलं.
मक्याची कांजी, खायचा रंग, चिमूटभर कोको.
तिसऱ्या गोष्टीतल्या खुनाला
दुसऱ्याच टेकला मुंग्या लागल्या.
हॅलोविनच्या पोस्टरसाठी कॉटन मार्केटातून आणलेलं कोहळं
आत दिवा ठेवल्यावर शिजायला लागलं,
वास सुटला, युनिटला भूक लागली.
हाडं मोडायला मुळा.
आई म्हणाली, एवढा मुळा कशाले?
म्हटलं, दोन माणसं मारायची आहेत.
‘मंग पाला तेवढा वापस आन.’

पहाटे भूत तर्री-पोह्याच्या गाडीवर,
डोळ्यांत पांढरी भिंगं, पाठीत सुरा.
पोहेवाला मान वर न करता:
‘कांदा टाकू का?’

माझं काम आवाजाचं.
प्रत्येक जागा सोडताना
सगळ्यांना तीस सेकंद गप्प उभं करायचं,
तिथलं रिकामेपण भरून घ्यायचं,
नाहीतर एडिटमध्ये
वाक्यावाक्यांत भोकं पडतात.
महालातल्या जिन्याची शांतता जाड होती,
शाळेच्या प्रयोगशाळेची ओली, नळ गळका.

गिरणीत, शेवटच्या रात्री,
सगळे उभे. भूतही, हात बांधून.
विसाव्या सेकंदाला चौकीदार डोमाजी बोलला,
‘हे सुनं नाही होय, पोट्टेहो.
ह्या टायमाले भोंगा वाजे.’
परागनं कट म्हटलं.
पुन्हा घेतलं. पुन्हा तो बोलला,
कुठलासा साचा नंबर, कुणाचं तरी नाव.
तिसऱ्या वेळी आपणहून बाहेर गेला
आणि फाटकाची साखळी
दोन्ही मुठींत धरून उभा राहिला,
वाऱ्यानं वाजू नये म्हणून.

ते तीस सेकंद चौथ्या गोष्टीत आहेत,
दार आपोआप उघडतं, त्याखाली.
धरमपेठेतल्या पहिल्या शोला
तिथं एक बाई किंचाळली,
मागची पोरं हसली, मग तीही गप्प झाली.
पराग अंधारात माझा गुडघा दाबत होता.
मला तिथं दुसरं काही ऐकू येत नाही,
एक माणूस साखळी वाजू देत नाही, एवढंच.

पाटीवर त्याचं आडनाव चुकलं.
सांगायला गेलो, पासही नेला होता.
म्हणाला, येतो कसा,
रातपाळी हाय.