माझा घर

टोपणदास सायकलवर कटपीस विकायचा.
जरीपटक्यातून निघून इंदोरा, मग गड्डीगोदाम,
मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा,
आणि हाळीतच यमक:
पॉपलीन घ्या, मलमल घ्या,
उधार मागाल तर उद्या या.
कापड फारसं खपायचं नाही.
हाळी मात्र पोट्ट्यांना पाठ.

यासीन मास्तरनं त्याला बँडच्या खोलीत बसवलं,
ट्रंपेटच्या पेट्यांवर, चहा दिला,
म्हणाला, वरातीत वाजवायला आपलं काही तरी लिही बे,
किती दिवस दुसऱ्यांचंच वाजवू.
गाण्याला पाच रुपये. लग्न मोडलं तर तीन.

तो लिहायचा उजवीकडून डावीकडे,
शिकारपूरच्या शाळेतली अक्षरं, टिंबांची गर्दी.
वाचून दाखवायचा, आणि मी बालबोधीत उतरवायचो.
तेव्हा मी नववीत. पानामागे बारा पैसे.
व्याकरणात माझा वर्गात पहिला नंबर,
त्याची तर रोज सुट्टी:
तो ऊन लागला. तो पाणी संपला. तो लेकरू झोपला.
त्याच्या भाषेत लिंगं दोनच.
आमचं नपुंसक त्याला रेशनच्या साखरेसारखं,
कधी मिळायचं, कधी दुकान बंद.

एकदा पाठवणीचं गाणं आणलं.
जा पुढे तू, शब्द देतो,
मागून माझा घर येतो.

मी म्हटलं, काका, माझं घर. येतं.
त्यानं दोनदा म्हणून पाहिलं. देतो, येतं.
चाकातून चेन उतरल्यासारखं तोंड केलं.
मग म्हणाला,
येतं म्हटलं की सामान येतं, साईं.
येतो म्हटलं की कुणी तरी येतो.

मी तरी दुरुस्तच लिहिलं. बारा पैसे घेतले.
यासीन मास्तरचा गाणारा निरक्षर होता,
त्यानं ऐकलेलंच गायलं.

आकाशवाणीकडून कागद परत आला, लाल शाईत: भाषा अशुद्ध.
अशुद्ध म्हणजे? त्यानं विचारलं.
मळकट, मी म्हणालो.
त्यानं घडी घातली, हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल थांबलं.

पुढे बरंच लिहिलं. मारबतीला बडग्यांच्या पाट्या,
संत्रा मार्केटच्या अडत्यांची आरती,
एका निवडणुकीत दोन्ही उमेदवारांचे भोंगे,
चाल एकच, फक्त चिन्ह बदललं.
पैसे दोघांनीही बुडवले.

शहाऐंशी साली मोदी नंबर तीनच्या दुकानात कॅसेट लागली.
वर गाणाऱ्याचा फोटो, गळ्यात साखळी.
मागे बारीक अक्षरांत: गीत, पारंपरिक.
मी चिडलो. चल, भांडू, म्हटलं.
तो तर्री पोहे खात होता, हसताना ठसका लागला.
बघ ना, साईं, अडतीस वर्षांत परंपरा झालो!
तसंही माझं नावच टोपण.

मी त्याच्या मातीला गेलो नाही.
बारावीचे पेपर तपासायला होते, असं कारण तेव्हा पुरलं.

माझ्या अश्लेषाच्या लग्नात बँड कामठीचा.
क्लॅरिनेटवाला पोरगा बावीस-तेवीसचा,
त्याला विचारलं, कोणाचं गाणं हे?
म्हणाला, कोणाचं म्हणजे? पाठवणीचं.
गाडीचं दार लागलं. बायका गात होत्या,
सगळ्या चुकीचं.
मी, मराठीचा निवृत्त शिक्षक,
रुमालात तोंड घालून म्हणालो: येतो.

परवा त्याची नात आली, वही घेऊन.
तिला लिपी येत नाही. घरात आता कुणालाच नाही.
काका, तुम्ही लिहून घ्यायचे ना, वाचा की.
मी फक्त ऐकलेलं लिहीत होतो, हे तिला कसं सांगू.
चष्मा पुसला, वही उघडली,
सवयीनं, डावीकडून.

सतरा पानं कोरी.
अठराव्यावर दोन ओळी, टिंबांची गर्दी,
आणि शेजारी, बालबोधीत, पहिलीतल्या मुलासारखं गिरवलेलं,
शिरोरेघ वर-खाली:
घर.
पुढं खोडून, परत लिहून, परत खोडून:
ते. तो. ते.