कोरडं वजन

सकाळी साडेपाचला पलासियाच्या चौकात
रिक्षावाला विचारतो, "माँजी, एवढ्या पहाटे कुठे?"
मी म्हणते, धुलाईला.
त्याला वाटतं मी कुणाकडे कपडे धुते.
दहा रुपये कमी घेतो.
मी गैरसमज दूर करत नाही.

तीन नंबरचा पलंग माझा. मंगळ, गुरू, शनी.
खिडकीशी चौरडियाजी,
तीन पिढ्या सेव तळली, आता स्वतः मिठाला पारखे.
खालच्या गाडीवरून पोह्यांचा वास वर येतो
तेव्हा डोळे मिटून सांगतात,
"आज जिरावण कमी पडलंय."
दाराशी सकीनाबेन, सियागंजात नटबोल्टांचं दुकान.
मी भूगोलाची मास्तरीण. एकतीस वर्षं शिकवलं,
पृथ्वीवर पाणी एकाहत्तर टक्के.
माझ्या वाट्याला दिवसाला सातशे मिली.

आधी काटा. लोकेंद्र आकडा वाचतो,
"दिघेबाई, दोन किलो आठशे जास्त. काय प्यायलात?"
काही नाही रे, सुनेचे चार शब्द गिळले.

मग सुया. मग चार तास.
मग चौरडियाजींची घोडी,
जी त्यांच्याच वरातीत उधळली
आणि नवरदेवासकट भलत्याच मांडवात शिरली,
तिथल्या सासूने ओवाळूनसुद्धा घेतलं.
सहा वेळा ऐकली. घोडी दर वेळी
वेगळ्या दारी थांबते.
गेल्या शनिवारी पार खजरान्यापर्यंत गेली.
सकीनाबेन म्हणाल्या, "भाई, घोडी होती की सिटी बस?"
मी हसले, हात हलला, मशीन बोंबललं.
लोकेंद्र धावत आला,
"हसा हो, पण डावा हात सोडून हसा."

घरी हे चालत नाही.
एकदा जेवताना म्हटलं,
मी गेले की माझं पाणी झाडांना घालत जा.
मुलगा ताटावरून उठला.
सुनेने भांडी जरा जास्तच हळू ठेवली.
तेच इथे सांगितलं तर चौरडियाजी म्हणाले,
"सातशे मिलीत बाग होत नाही, बाई. निवडुंग लावा."

नेहमी असं नसतं.
तिसऱ्या तासाला पोटऱ्यांत गोळे येतात,
पीळ घातलेल्या ओल्या चादरीसारखे,
तेव्हा घोडी जिथे असेल तिथे थांबते,
कुणी काही बोलत नाही,
लोकेंद्र तळवे दाबत राहतो.
आणि रात्री, दोन वाजता,
जीभ टाळूला चिकटलेली असताना
हात कानाशी धरून
मी नसेतली गुरगुर ऐकते.
मांजर पाळलंय म्हणायचं. दूध मागत नाही.

पाच नंबरवर पूर्वी खानविलकर होते.
त्यांच्या गोष्टी आम्ही वाटून घेतल्या,
पंक्चर स्कूटरची मला,
मावशीच्या बोकडाची सकीनाबेनना.
चौरडियाजींनी काही घेतलं नाही.
म्हणाले, माझ्याकडे घोडी आहे.

तिथे आता एक मुलगी येते, पूर्वा, चोवीस वर्षांची.
तीन आठवडे भिंतीकडे तोंड, कानात इअरफोन.
आम्ही सगळं काढून पाहिलं. बोकडसुद्धा.
तिच्या खांद्याला फक्त भिंत ऐकू येत होती.

आज ती काट्यावर चढली.
आकडा पाहिला. उतरली नाही.
लोकेंद्रला म्हणाली, अगदी चौकशीच्या खिडकीवर विचारावं तशी,
"लग्नाच्या बायोडेटात वजन कुठलं लिहायचं,
धुण्याआधीचं की धुतल्यानंतरचं?"

लोकेंद्रचं पेन कागदावर तसंच.
आधी चौरडियाजींचं मशीन बोंबललं, मग माझं.
"आधीचं लिही," ते म्हणाले, "खातं-पितं घर वाटेल."
"नंतरचं," सकीनाबेन म्हणाल्या, "माल खरा दाखवावा."
"पण नंतरचं तर संध्याकाळपर्यंतच खरं," मुलगी म्हणाली.
हा वाद साडेदहापर्यंत चालला.
मिटला नाही.

इअरफोन तिने पाकिटात ठेवले.
चौरडियाजींनी घसा साफ केला
आणि घोडी पहिल्यापासून काढली.
या वेळी ती काळी होती.